दोन जिवांची स्त्री आणि कायद्याचा हिशेब

१.
मराठीत गरोदर बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. भाषेने हा हिशेब कधीच, आणि अगदी सहजपणे, करून टाकला आहे. परंतु अशा दोन जिवांच्या स्त्रीचा कोणी खून केला, तर न्यायालयाने खून किती मोजायचे? एक की दोन? प्रश्न ऐकायला सोपा आहे. तरीही सुमारे चार हजार वर्षांत निरनिराळ्या कायदेकर्त्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली, आणि आजही जगात त्यावर एकमत नाही. आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. विषय जड आहे आणि धागा लांबलचक, सवडीने वाचावा.

२.
आरंभीच एक खुलासा. स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने केलेला गर्भपात हा या धाग्याचा विषय नव्हे. येथे आपण अशा प्रसंगांकडे पाहणार आहोत, जिथे दुसऱ्या कोणी तरी गर्भवतीवर हल्ला केला आणि त्यात गर्भ दगावला, किंवा दोघेही गेले. हे दोन विषय कुठे एकमेकांत गुंततात ते पुढे येईलच. वाचताना प्रत्येक कायद्याला एकच प्रश्न विचारत चला: नुकसान कोणाचे झाले, असे या कायद्याला वाटते?

३.
सुरुवात मेसोपोटेमियापासून करू. इसवी सनपूर्व १९३० च्या आसपास इसिन नगरीचा राजा लिपित-इश्तार याने सुमेरी भाषेत कायदे कोरवून घेतले. त्यानुसार एखाद्याच्या मुलीला मारहाण करून तिचा गर्भ पाडला, तर दंड ३० शेकेल चांदी. (एक शेकेल म्हणजे साधारण आठ ग्रॅम.) त्या मारहाणीत ती स्त्री स्वतः मेली, तर मारणाऱ्याला देहदंड. म्हणजे गर्भाची किंमत चांदीत आणि स्त्रीची किंमत जिवात, असे दोन वेगळे हिशेब या पहिल्याच टप्प्यावर दिसतात. दासीचा गर्भ पाडल्यास मात्र दंड फक्त ५ शेकेल.

४.
पुढे दीड-दोन शतकांनी बाबिलोनचा हम्मुराबी आला. त्याचा काळ्या दगडाचा स्तंभ १९०१-०२ च्या हिवाळ्यात सुसा येथील उत्खननात सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील २०९ ते २१४ ही कलमे आपल्या विषयाची आहेत. प्रतिष्ठित वर्गातील माणसाच्या मुलीचा गर्भ पाडल्यास १० शेकेल, सामान्य माणसाच्या मुलीचा असल्यास ५, दासीचा असल्यास २. सामान्य घरातील ती स्त्री मेली तर ३० शेकेल, दासी मेली तर २० शेकेल. आणि प्रतिष्ठित घरातील स्त्री मेली तर? तर मारणाऱ्याच्या मुलीला ठार करावे.

५.
हे वाक्य पुन्हा वाचा. शिक्षा मारणाऱ्याला नाही, त्याच्या मुलीला आहे. लिपित-इश्तारच्या कायद्यात निदान गुन्हेगाराचा जीव जात होता. हम्मुराबीने हिशेब 'बरोबर' केला: तू एका बापाची मुलगी मारलीस, तर तुझीही मुलगी जाईल. मेलेली स्त्री या व्यवहारात स्वतंत्र व्यक्ती म्हणून येतच नाही. ती कोणाची तरी मुलगी म्हणून येते. नुकसान झाले ते तिच्या बापाचे, आणि म्हणून भरपाईही बापाच्याच मापाने.

६.
आजच्या तुर्कस्तानात नांदलेल्या हित्ती लोकांच्या कायद्यांत एक नवी गोष्ट दिसते. स्वतंत्र स्त्रीचा गर्भ पाडणाऱ्याला दंड किती, हे गर्भ कितव्या महिन्यात होता यावर ठरते. दहावा महिना असेल तर १० शेकेल, पाचवा असेल तर ५. (त्यांची महिन्यांची मोजणी चांद्र होती, हे लक्षात घेतले की दहावा महिना समजतो.) गर्भ जितका मोठा, तितकी त्याची किंमत मोठी, ही आज आधुनिक वाटणारी कल्पना साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या विटांवर लिहिलेली आहे. पुढच्या आवृत्तीत मात्र महिन्यांचा हिशेब काढून टाकून सरसकट २० शेकेल दंड ठेवला गेला. मोजणी करणे त्यांनाही जड गेले असावे.

७.
सर्वांत कठोर कायदे ॲसिरियाचे. इसवी सनपूर्व अकराव्या शतकाच्या सुमारास नकललेल्या विटांवर ते आपल्याला मिळाले. दुसऱ्याच्या बायकोला मारून तिचा गर्भ पाडणाऱ्याने एका जिवाची पूर्ण भरपाई द्यायची. ती स्त्री मेली तर मारेकऱ्याला देहदंड. इथवर ठीक. परंतु पुढे एक विशेष अट येते. तिच्या नवऱ्याला मुलगा नसेल, तर केवळ गर्भ पाडल्याबद्दलही मारेकऱ्याचा जीव घ्यावा. आणि पडलेला गर्भ मुलीचा निघाला, तर? तर पुन्हा भरपाईवर भागते.

८.
म्हणजे एकाच लाथेची शिक्षा देहदंड की दंड, हे दोन गोष्टींवर ठरणार: नवऱ्याला वारस आहे का, आणि गर्भ मुलाचा होता का. येथे कायद्याने आपले मन उघड केले आहे. त्याला राखायचा होता तो वंश. याच संग्रहातील आणखी एक कलम हे पक्के करते. एखाद्या स्त्रीने स्वतःच आपला गर्भ पाडला, तर तिला सुळावर चढवावे आणि तिचे दफनही करू नये. दुसऱ्याने गर्भ पाडला तर नुकसान नवऱ्याचे. तिने स्वतः पाडला तरी नुकसान नवऱ्याचेच. फक्त या वेळी गुन्हेगार ती.

९.
आता हिब्रू परंपरा. बायबलमधील 'निर्गम' या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात एक प्रसंग कल्पिला आहे: दोन पुरुष भांडत आहेत, त्यांचा धक्का एका गर्भवतीला लागतो आणि मूल बाहेर येते. पुढे 'इजा' झाली नसेल तर नवरा मागेल त्याप्रमाणे दंड. इजा झाली असेल तर जशास तशी शिक्षा, थेट जिवापर्यंत. डोळ्याच्या बदल्यात डोळा हे जे जगप्रसिद्ध तत्त्व आहे, त्याचा बायबलमधला पहिला उल्लेख नेमका या गर्भवतीच्या प्रसंगात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१०.
आता खरी मेख. इजा कोणाला? मूळ हिब्रू वाक्य ते सांगत नाही. ज्यू परंपरेने अर्थ लावला: स्त्रीला. म्हणून गर्भ गेला तर दंड, स्त्री गेली तर जीव. परंतु इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात याच ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले, आणि भाषांतरकारांनी तिथे निराळेच लिहिले: मूल पूर्ण आकाराला आलेले नसेल तर दंड, आकाराला आलेले असेल तर जिवाच्या बदल्यात जीव. ख्रिस्ती जगाने बराच काळ हेच भाषांतर वाचले. एका शब्दाच्या भाषांतराने कायद्याची नजर स्त्रीवरून गर्भाकडे वळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भाषांतराकडे कानाडोळा का करू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

११.
आपल्याकडे काय होते? 'भ्रूणहत्या' हा शब्द धर्मसूत्रांच्या काळापासून महापातकांच्या संदर्भात येतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात 'अविज्ञात' गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे ज्याचे लिंग कळलेले नाही असा. असे का? वसिष्ठधर्मसूत्राने कारण देऊन ठेवले आहे: न कळलेला गर्भ पुरुषच धरायचा असतो. ॲसिरियन न्यायाधीश गर्भ पडल्यावर तपासून पाहत होता. आपला शास्त्रकार न पाहताच मुलगा गृहीत धरत होता. दोघांच्या तराजूत वजन मात्र एकाच बाजूला होते.

१२.
हे झाले प्रायश्चित्ताचे, म्हणजे पापाचे. राजदंडाची भाषा पाहायची तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या 'कण्टकशोधन' या चौथ्या अधिकरणाकडे जावे लागते. तिथे गर्भ पाडणाऱ्याला तीन पायऱ्यांचा दंड आहे. प्रहार करून पाडला तर उत्तम साहसदंड, म्हणजे ५०० ते १,००० पण. औषध देऊन पाडला तर मध्यम, म्हणजे २०० ते ५००. आणि छळ करून, त्रास देऊन पाडला तर प्रथम, म्हणजे ४८ ते ९६ पण. येथे गर्भाचे लिंग नाही, नवऱ्याचा वारस नाही. मोजमाप आहे ते स्त्रीच्या अंगावर काय केले गेले याचे. विशेष म्हणजे नुसत्या छळाने गर्भ गेला, तरी तो गुन्हाच धरला आहे. आतापर्यंत पाहिलेल्या कायद्यांत ही दृष्टी मला सर्वांत वेगळी वाटते.

१३.
याच ग्रंथात आणखी एक नियम आहे. पुरुषाचा वध करणाऱ्या स्त्रीला पाण्यात बुडवून मारावे. मात्र ती गर्भवती असेल तर बाळंतपणानंतर किमान महिनाभर थांबावे. इंग्लंडमध्येही फाशी झालेल्या स्त्रीला 'मी गरोदर आहे' असे सांगून शिक्षा लांबवता येत असे. तिथे १९३१ मध्ये कायदा करून गर्भवतीची फाशीच बंद झाली. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१६ मध्ये फाशी पुढे ढकलण्याची सोय होती. २००८ च्या दुरुस्तीने ती काढली, आणि आता उच्च न्यायालयाने अशा स्त्रीची फाशी जन्मठेपेत बदललीच पाहिजे. राज्य स्वतः जीव घेते तेव्हा पोटातल्या जिवाचा हिशेब ते फार पूर्वीपासून वेगळा करत आले आहे. प्रश्न अडतो तो दुसऱ्याने जीव घेतल्यावर.

१४.
आता आपल्या आजच्या कायद्याचे मूळ जिथे आहे, त्या इंग्लंडकडे वळू. तेराव्या शतकातील कायदेपंडित ब्रॅक्टन याच्या नावावरील ग्रंथात म्हटले होते की, गर्भ आकाराला आलेला किंवा सजीव झालेला असताना प्रहाराने अथवा विषाने तो मारला, तर तो मनुष्यवध होय. 'आकाराला आलेला' हे शब्द ओळखीचे वाटले ना? अलेक्झांड्रियाच्या त्या ग्रीक भाषांतराची सावली इथवर पोहोचली होती.

१५.
परंतु १६४४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात सर एडवर्ड कोक यांनी वेगळा नियम मांडला. पोटात हालचाल करू लागलेले मूल मारहाणीने पोटातच मेले आणि मृत जन्मले, तर तो गंभीर अपराध आहे, खून नाही. तेच मूल जिवंत जन्मले आणि मग त्या माराने मेले, तर मात्र खून. पुढच्या शतकात ब्लॅकस्टोन यांनी हाच नियम उचलला. इंग्रजी कायद्यात तो 'जिवंत जन्माचा नियम' म्हणून रूढ झाला, आणि इंग्रजांचे राज्य जिथे जिथे गेले तिथे तिथे तोही गेला.

१६.
हा नियम का आला? गर्भाला जीव नसतो असे कोक यांना वाटत होते, असा याचा अर्थ काढण्याची घाई करू नये. अनेक अभ्यासकांच्या मते यामागे मुख्य अडचण पुराव्याची होती. स्टेथोस्कोप नव्हता, सोनोग्राफी तर फारच दूर. प्रहाराच्या क्षणी मूल पोटात जिवंत होते का? ते त्या माराने मेले की आधीच दगावले होते? सांगणार कोण? आईला हालचाल जाणवत होती, एवढाच काय तो पुरावा. मूल जिवंत बाहेर येऊन रडले, की निदान एका गोष्टीची खात्री होत असे.

१७.
नियम समजण्यासारखा होता, परंतु त्याचा परिणाम विचित्र झाला. अर्धवट मारहाण करणाऱ्याचे मूल जिवंत जन्मून नंतर मेले, तर तो खुनी ठरे. आणि ज्याचा मार इतका जबर की मूल पोटातच संपले, तो खुनाच्या आरोपातून सुटे. शिवाय जन्माच्या ऐन वेळी, अर्धे बाहेर आलेले मूल मारले तर तो गर्भपातही नव्हे आणि खूनही नव्हे, अशी एक फट राहिली. इंग्लंडने ती फट बुजवली थेट १९२९ मध्ये, जन्मू शकणाऱ्या मुलाच्या हत्येचा स्वतंत्र कायदा करून. गंमत अशी की त्यांच्याच वसाहतीत ती सुमारे सत्तर वर्षे आधी बुजली होती.

१८.
ती वसाहत म्हणजे हिंदुस्थान. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. बऱ्याच फेरफारांनंतर १८६० मध्ये तिचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. सदोष मनुष्यवधाची व्याख्या करणाऱ्या कलम २९९ चे तिसरे स्पष्टीकरण सांगते: आईच्या उदरातील मुलाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नाही. परंतु मुलाचा कोणताही भाग बाहेर आलेला असेल, तर त्याने श्वास घेतला नसला किंवा त्याचा पूर्ण जन्म झाला नसला, तरीही तो सदोष मनुष्यवध होऊ शकतो. 'मनुष्य' कुठे सुरू होतो, याची रेषा संहितेने इतकी काटेकोर आखली.

१९.
मग उदरातले मूल वाऱ्यावरच सोडले का? नाही. त्यासाठी कलम ३१६ आहे. एखाद्याने असे कृत्य केले की त्याने मृत्यू ओढवला असता तर तो सदोष मनुष्यवध झाला असता, आणि त्या कृत्याने पोटात हालचाल करू लागलेल्या मुलाचा मृत्यू झाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. संहितेतच उदाहरण दिले आहे: स्त्री जखमी होऊन वाचते, पोटातले मूल मरते, आरोपी या कलमाखाली दोषी. येथे मारेकऱ्याला गर्भाचा जीव घ्यायचा होता का, हे पाहिले जात नाही. त्याने आईच्या जिवाशी काय केले असते, हे पाहिले जाते. मुलापर्यंत कायदा पोहोचतो तो आईच्या वाटेने.

२०.
परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजूही पाहू. कलम ३१२ गर्भपात घडवून आणण्याविषयी आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण सांगते की स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमात येते. एकोणिसाव्या शतकात याचा अर्थ काय होता? पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवेला दिवस गेले, तर बदनामी तिच्या एकटीच्या वाट्याला आणि खटलाही तिच्यावर. तिला या अवस्थेत टाकणारा पुरुष बहुतेक वेळा कागदावरही येत नसे. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते या कोंडीवरचे उत्तर होते.

२१.
१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. हा खटला आपल्या विषयाच्या चौकटीत नेमका बसत नाही, हे मान्य. परंतु ताराबाईंनी उभा केलेला प्रश्न या सगळ्या चार हजार वर्षांना लागू पडतो: गुन्ह्याला दोघे जबाबदार असताना पिंजऱ्यात एकटी बाईच का?

२२.
आता अमेरिका, कारण विसाव्या शतकात हा वाद सर्वांत तीव्र झाला तो तिथे. फेब्रुवारी १९६९. कॅलिफोर्नियातील डोंगराळ रस्त्यावर एका माणसाने आपल्या घटस्फोटित पत्नीची गाडी अडवली. ती दुसऱ्या पुरुषापासून गरोदर होती, दिवस भरत आले होते. त्याने तिच्या पोटात गुडघा मारला. ती वाचली, मूल कवटी फुटून मृत जन्मले. १९७० मध्ये 'कीलर' खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यातील 'मनुष्य' या शब्दात न जन्मलेले मूल येत नाही, म्हणून खुनाचा खटला चालणार नाही. व्याख्या बदलायची तर ती विधिमंडळाने बदलावी. विधिमंडळाने त्याच वर्षी ती बदलली: खुनाच्या व्याख्येत 'मनुष्य किंवा गर्भ' असे शब्द आले. स्त्रीच्या संमतीने होणारा गर्भपात मात्र स्पष्टपणे वगळला.

२३.
सोनोग्राफीच्या युगात कोक यांची पुराव्याची अडचण उरली नव्हती. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जिवंत जन्माचा नियम बाजूला ठेवला, आणि एकामागून एक राज्ये कायदे करू लागली. मग २४ डिसेंबर २००२ रोजी कॅलिफोर्नियातून लेसी पीटरसन ही आठ महिन्यांची गर्भवती नाहीशी झाली. एप्रिल २००३ मध्ये तिचा आणि तिच्या मुलाचा देह सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी सापडला. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा नवरा दोन खुनांबद्दल दोषी ठरला. १९७० मध्ये घातलेल्या त्या दोन शब्दांमुळेच तिथे दुसरा खून मोजता आला.

२४.
निकाल लागण्यापूर्वीच, १ एप्रिल २००४ रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. केंद्राच्या अखत्यारीतील ठरावीक गुन्ह्यांत गर्भवतीवर हल्ला झाला, तर पोटातील मूल कोणत्याही अवस्थेतील असो, ते स्वतंत्र बळी मानले जाईल. त्यावर सिनेटमध्ये झालेली चर्चा या धाग्याचा गाभाच आहे. सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी पर्यायी सूचना मांडली होती: शिक्षा तितकीच कडक करा, परंतु बळी एकच माना, ती स्त्री, गर्भ नष्ट करणे हा तिच्यावरचाच अधिकचा गुन्हा धरा. ही सूचना ४९ विरुद्ध ५० मतांनी, केवळ एका मताने पडली.

२५.
शिक्षा तीच, मग भांडण कशाचे? मोजण्याचे. कायद्याचे समर्थक म्हणत: ज्या बापाने मुलगी आणि नातू दोघांना पुरले, त्याला 'बळी एकच' असे कसे सांगणार? हा प्रश्न खोटा नाही. विरोधक म्हणत: गर्भाला आईपासून वेगळा बळी मानले, की एक दिवस तोच गर्भ आईच्या विरुद्ध उभा केला जाईल. केंद्रीय कायद्यात आईवर खटला न भरण्याची तरतूद होती. तरीही ही भीतीही खोटी ठरली नाही.

२६.
२०१८ च्या डिसेंबरात अलाबामा राज्यात एका पाच महिन्यांच्या गर्भवतीच्या पोटात गोळी लागली आणि गर्भ दगावला. त्या राज्याच्या कायद्यात २००६ पासून न जन्मलेले मूलही 'व्यक्ती' आहे. गोळी झाडणाऱ्या स्त्रीवर आरोप निश्चित झाला नाही. आरोप ठेवला गेला तो गोळी लागलेल्या स्त्रीवर: भांडण तिने सुरू केले आणि पोटातल्या मुलाला धोक्यात घातले, म्हणून मनुष्यवध. देशभर गदारोळ झाल्यावर जुलै २०१९ मध्ये खटला मागे घेण्यात आला. ॲसिरियाच्या त्या विटेपासून आपण किती दूर आलो आहोत, असा प्रश्न हे वाचताना पडल्याशिवाय राहत नाही.

२७.
इंग्लंडने मधला रस्ता धरला. एका माणसाने गर्भवती मैत्रिणीला भोसकले. मूल अकाली जन्मले आणि सुमारे चार महिने जगून गेले. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की हा खून होऊ शकत नाही, परंतु मूल जिवंत जन्मले असल्याने सदोष मनुष्यवध होऊ शकतो. गर्भ हा आईचा अवयव नव्हे, आणि तो कायद्याच्या दृष्टीने पूर्ण व्यक्तीही नव्हे, अशी भूमिका न्यायाधीशांनी घेतली. कोक यांचा नियम साडेतीनशे वर्षांनी थोडा वाकला, मोडला नाही.

२८.
एक आकडा नोंदवून ठेवू. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९३ ते १९९८ या काळात गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या २४७ मृत्यूंची तपासणी झाली. तिचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठे एकच कारण कोणते निघाले? रक्तस्राव नाही, हृदयविकार नाही. खून: ५० मृत्यू. गर्भाला बळी मोजायचे की नाही, यावर सभागृहे वर्षानुवर्षे वाद घालत होती. गरोदरपणात बाई इतकी असुरक्षित का होते, हा प्रश्न त्या मानाने कितीसा विचारला गेला?

२९.
आणि आज आपल्याकडे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. क्रमांक बदलले, मजकूर जवळपास तोच राहिला. कलम २९९ चे ते स्पष्टीकरण आता कलम १०० मध्ये आहे, ३१६ चे झाले ९२, आणि ३१२ चे ८८. गर्भवतीचा खून झाला तर एक खून, कलम १०३; आणि गर्भ हालचाल करू लागलेला असेल, तर सोबत कलम ९२. तीन महिन्यांची गर्भवती मारली गेली, तर मात्र दुसरे काही मोजण्याची तरतूद हे कलम करत नाही. आपला कायदा 'एक' म्हणत नाही आणि 'दोन'ही म्हणत नाही. १८६० मध्ये घातलेल्या रेषेवर तो अजून उभा आहे.

३०.
जाता जाता 'अविज्ञात' या शब्दाकडे पुन्हा येऊ. धर्मशास्त्राने न कळलेला गर्भ जपला, कारण तो मुलगा असू शकेल. विसाव्या शतकात यंत्राने गर्भाचे लिंग दाखवले आणि मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. गर्भ अविज्ञातच राहावा अशी सक्ती कायद्यानेच केली, आणि ती या वेळी मुलीसाठी.

३१.
इसिनपासून अलाबामापर्यंतचे हे कायदे ओळीने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे. एक की दोन, याचे उत्तर काहीही दिले तरी न्याय होतोच असे नाही. ॲसिरियनांनी गर्भाच्या जिवाला देहदंडाइतके मोल दिले, आणि त्याच हाताने बाईला सुळावर चढवले. न्याय झाला की नाही हे ओळखण्याची खूण दुसरी आहे: कायदा गर्भाकडे आईच्या वाटेने जातो की तिला ओलांडून? कौटिल्याची तीन पायऱ्यांची शिक्षा आणि कलम ३१६ हे दोन्ही आईच्या अंगावरचा प्रहार आधी पाहतात. त्यांत उणिवा पुष्कळ आहेत, परंतु वाट बरोबर आहे.

३२.
पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'गर्भवतीची हत्या' अशी बातमी वाचाल, तेव्हा कलमांचे आकडे पाहा. १०३ सोबत ९२ लावले आहे का? ती कितव्या महिन्यात होती? आरोपी कोण: नवरा, सासर, प्रियकर, की कोणी परका? आणि बातमीत तिचे स्वतःचे काही सांगितले आहे का, की ती केवळ कोणाची तरी पत्नी आणि कोणाची तरी होणारी आई आहे?

'दोन जिवांची' या शब्दप्रयोगात जीव दोन मोजले आहेत खरे. परंतु ते शब्द ज्या एकीविषयी आहेत, ती बाई त्यातून वगळलेली नाही. कायद्याला हे अजून नीट जमायचे आहे.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या, वेगळी मते यांचे स्वागत आहे.